वाढव

चावी उभीची आडवी झाली, खटका पडल्याचा जाड आवाज आला, आणि गाडी चालूच राहिली.

नवनाथने चावीकडे पाहिले, इंजिनाकडे पाहिले, पुन्हा चावीकडे पाहिले. लाल प्लॅस्टिकची, अंगठ्याएवढी चावी. शनिवारची दुपार होती, पाथर्डी फाट्यामागच्या त्याच्या गॅरेजचे पत्रे जानेवारीतही तापले होते, आणि सकाळपासून चार तास कंबर मोडून बसवलेला कटऑफ त्याला दाद देत नव्हता. शर्यतीच्या गाडीत हा खटका लागतोच. गाडी उलटली, धडकली, कुठून धूर निघाला, तर एका हिसक्यात बॅटरी तुटली पाहिजे, सगळी वीज गेली पाहिजे आणि इंजिन जागच्या जागी थांबले पाहिजे. पट्ट्यांत बांधलेल्या ड्रायव्हरला ते आतून करता आले पाहिजे आणि बाहेरच्या माणसाला काचेपाशी उभे राहून. उद्या सकाळी आठ वाजता महिरावणीच्या मैदानावर तपासणीस हेच बघणार होता. इंजिन थांबले तर गाडी शर्यतीत. नाही थांबले तर चढवा ट्रेलरवर आणि न्या घरी. आणि इथे बॅटरी तुटली होती, तरी इंजिन मजेत गुरगुरत होते.

“काका, बंद नाही झाली,” आत बसलेली मनाली म्हणाली. त्याच्या मित्राची, हर्षलची मुलगी. बावीस वर्षांची, उद्या पहिल्यांदाच शर्यतीत उतरणारी. “बंदच नाही होत आहे ही!”

बंद. किती सहज म्हणते पोरगी. नवनाथने हवेत बोटे फिरवून तिला नेहमीची किल्ली फिरवायची खूण केली. तिने फिरवली आणि गाडी थांबली. पत्र्याखाली एकदम शांतता झाली, बाहेर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज ऐकू यायला लागला.

“तुम्ही बोलत का नाही हो काका? सारख्या खुणा करता. मी काय बहिरी आहे?” मनाली हसत हसत पट्टे सोडायला लागली. “पप्पा म्हणतात, नवनाथ पहिल्यापासून घुम्या नव्हता, नंतर झाला.”

नवनाथ हसला नाही. त्याने तळवे चिंधीला पुसले. इंजिन का थांबले नाही हे त्याला खटका पाडला त्याच क्षणी कळले होते. डायनामो. इंजिन फिरतेय तोवर डायनामोही फिरतो, वीज बनवतो, आणि बॅटरी असो नसो, इंजिनाला ती पोचवत राहतो. म्हणजे इंजिन स्वतःच स्वतःला खाऊ घालते. मूळ तोडले तरी चालूच. तीस वर्षे गाड्यांच्या तारा उकलणाऱ्या माणसाला हे झोपेत विचारले तरी ठाऊक असायला हवे होते. तरीही तो मुंबई नाक्यावर गेला होता आणि ट्रकला लावतात तो दोन पायांचा साधा खटका उचलून घेऊन आला होता. का? याचे उत्तर मागच्या लोखंडी कपाटात, वरून तिसऱ्या खणात होते. त्या खणाकडे त्याने मान वळवली नाही. आठ वर्षे वळवली नव्हती, आज तरी कशाला?

मनाली चहा सांगायला फाट्यावर गेली आणि नवनाथ मडगार्डवर हात टेकून उभा राहिला. ‘घुम्या झाला’ म्हणे. हर्षलला काय जातेय म्हणायला! माणूस बोलायचा बंद होत नाही, त्याचे शब्द एकेक करून कामातून जातात. नवनाथचे दोनच गेले होते. एक कळवणहून तो पहिल्यांदा नाशकात आला तेव्हाच उस्तादांनी काढून घेतला. द्वारका चौकापाशी सहादू मिस्तरींचे गॅरेज होते आणि तिथे एक कायदा होता. कुणी तोंडातून ‘बंद’ शब्द काढायचा नाही. “लोकं अडून पडेल गाड्या घेऊनच येत्यात,” मिस्तरी म्हणायचे, “त्यात आपल्या तोंडाची भर कशाला रे? वाढव म्हणायचं, वाढव!” दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बाईच्या हातातली बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. मग इंजिनानेच कुणाचे घोडे मारले आहे? तेही वाढवायचे. एकोणीस वर्षांच्या नवनाथने सुरुवातीला दोनचारदा ‘बंद कर’ म्हणून मिस्तरींच्या पान्याचा प्रसाद खाल्ला आणि मग तो शब्द त्याच्या जिभेवरून गेला तो गेलाच. स्वतःचे गॅरेज टाकले तरी परत आला नाही. त्याला त्याचा अभिमानही होता. इथे गाडी बंद होत नाही, इथे गाडी वाढते, असे तो नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचे.

पण मिस्तरी पक्के होते. इंजिनाचा जोर वाढवायचा असला तर ते कधी ‘वाढव’ म्हणाले नाहीत. ‘रेस दे’ म्हणायचे. एका शब्दाला एकच काम. नवनाथने ही शिस्त ठेवली नाही, त्याच्या ती लक्षातच आली नव्हती. शिष्य उस्तादाचा कायदा घेतो, त्या कायद्यामागची अक्कल तिथेच ठेवून येतो. हे त्याला आता उमगून काय फायदा? बैल गेला अन् झोपा केला.

तो दिवसही असाच होता, दुपारच, याच पत्र्याखाली. हर्षलची रॅलीची गाडी. हर्षल आणि तो एकाच शाळेतले, कळवणच्या; हर्षल बापाच्या द्राक्षबागेतून उठून गाड्यांच्या नादी लागलेला, नवनाथ गाड्यांवर पोट भरणारा. दोघांची एकच भाषा. हर्षल सीटवर, पट्टे आवळलेले, कारण पुढच्या आठवड्यात शर्यत आणि बसायची सवय हवी. नवनाथ इंजिनावर वाकलेला, कान लावून. “वाढव,” तो म्हणायचा, हर्षल पाय दाबायचा. “अजून वाढव. अजून थोडं. बास.” पुन्हा “वाढव.” अर्धा तास हेच चालले होते, दोघांनाही मजा येत होती, इंजिन सुरात येत होते. मग डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी एक तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली. आधी वास आला, जळक्या रबराचा. नवनाथने मान वर केली तर काचेमागे धूर, आणि धुरात पिवळे काहीतरी हलले. आणि तो ओरडला. घशाच्या देठापासून ओरडला. आयुष्यभर जे म्हणत आला तेच ओरडला.

“वाढव! हर्षल, वाढव!”

आणि हर्षलने वाढवले. मित्र सांगतोय म्हटल्यावर त्याने जीव खाऊन पाय दाबला. इंजिन किंचाळले, पेट्रोल जोरात आले, आणि ते पिवळे जे नुसते हलत होते ते उठून उभे राहिले. नवनाथ पुन्हा ओरडला, तेच. दुसरा शब्द त्याच्याजवळ नव्हताच! मग तो बॅटरीकडे धावला, पण बॅटरीला दहा नंबरचा पाना लागतो आणि दहा नंबरचा पाना हवा तेव्हा कधी सापडला आहे? बारा सापडला, तेरा सापडला, आठ सापडला. पाना शोधायला किती वेळ लागला ते त्याला आजही सांगता येत नाही. हर्षलने ज्वाळांत दोन्ही हात घालून पट्ट्याचे बक्कल शोधले, सोडवले आणि दारातून बाहेर पडला. हात मात्र परत पहिल्यासारखे झाले नाहीत. उजव्या हाताची तीन बोटे आत वळली ती तशीच राहिली, डाव्याची कातडी खांद्यापर्यंत आवळली.

शॉर्ट सर्किट झालं, असे सगळे म्हणाले. झालं. या ‘झालं’ने नवनाथला फार सांभाळून घेतले. केलं कुणी नाही, झालं. दवाखान्यात हर्षलची बायको शुभांगी हेच म्हणाली, रॅलीवाले हेच म्हणाले, हर्षल स्वतःही तेच म्हणाला. “शॉर्ट सर्किट झालं यार, तू काय करणार.” त्या शब्दाबद्दल कुणी काही विचारले नाही. तो शब्द कानाने ऐकणारे दोघेच होते, आणि हर्षलने ऐकला का, ऐकला तर काय समजला, हे विचारायची हिंमत नवनाथला आठ वर्षांत झाली नाही. त्या दिवसापासून ‘वाढव’ही गेला. जिभेवर यायच्या आधीच टाळूला चिकटायचा. उज्वला ताट घेऊन समोर बसायची आणि तो म्हणायचा, भात दे, पोळी दे. ‘वाढ’ म्हणवत नव्हते. तिला वाटले नवऱ्याची तऱ्हा. रोज सायंकाळी तिचा फोन यायचा, “अहो, गॅरेज वाढवलं का?” आणि तो ‘हं’ म्हणायचा. तिला काय कल्पना, ती रोज कुठे बोट ठेवतेय ती! आणि मग माणूस खुणा करायला लागला, तर लोक म्हणतात घुम्या झाला.

हर्षल पाच वाजता आला. मनालीने फोन करून सांगितले असणार. गाडीला एक चक्कर मारून त्याने सगळे पाहिले आणि हात खिशात घालून उभा राहिला. हात खिशात घालायची सवय त्याला त्यानंतरच लागली होती.

“डायनामो?” त्याने विचारले.

नवनाथने मान हलवली.

“मग त्यात काय एवढं तोंड पाडून बसायचं? डायनामोची जाड तार खटक्याच्या अलीकडे टाक, बॅटरीच्या बाजूला. खटका पडला की दोन्ही एकदम तुटतील. दहा मिनिटांचं काम आहे. उद्या तपासणीस बघणार काय? इंजिन थांबलं की नाही, एवढंच ना?”

खरेच दहा मिनिटांचे काम होते. नवनाथने दुपारीच मनातल्या मनात ते करून पाहिले होते. इंजिन थांबले असते. तपासणीसाने मान डोलावली असती. पण बॅटरीपासून निघालेली बोटभर जाडीची जिवंत तार थेट डायनामोपर्यंत, इंजिनाच्या पुढच्या टोकापर्यंत, तशीच राहिली असती. खटका पाडा नाहीतर आपटा, ती जिवंतच. आणि शर्यतीच्या गाडीचे पहिले काय चेपते? पुढचे टोक. चेपलेल्या पत्र्यात जिवंत तार, वर पेट्रोलचा पाइप, आत पट्ट्यांत बांधलेली हर्षलची मुलगी. इंजिन थांबले म्हणून सगळे निर्धास्त.

“नाही,” नवनाथ म्हणाला.

“नाही म्हणजे?”

“जुगाड नाही करायचा. या गाडीत नाही.” एवढे बोलून तो कपाटाकडे वळला, कारण आता थांबला असता तर पाय मागे फिरले असते. वरून तिसरा खण. धूळ बसलेला एक खोका, चिकटपट्टीसुद्धा फाडलेली नाही. त्याने तो खोका बाकावर ठेवला आणि कटरने पट्टी कापली. आत सहा पायांचा कटऑफ, दोन जाड, चार बारीक, आणि कागदात गुंडाळलेला एक पांढरा रेझिस्टर, चिनी मातीचा, खडूच्या तुकड्याएवढा.

हर्षल खोक्यावरच्या कागदाकडे बघत राहिला. त्यावर त्याचेच नाव होते आणि तारीख होती. “हे माझ्या गाडीचं आहे,” तो म्हणाला.

“तू दवाखान्यात होतास तेव्हा आलं. पंधरा दिवस उशिरा.” नवनाथला वाटले आता सगळे बोलून टाकावे. तूच म्हणाला होतास, कटऑफ आल्यावर ट्यूनिंग करू. मी म्हणालो, येईल तेव्हा येईल, तोवर हे उरकून घेऊ. आणि मग तो शब्द. ओठ उघडलेही. पण तोंडातून निघाले ते एवढेच, “बसवून टाकतो आज.”

“बसव,” हर्षल म्हणाला. तो स्टूल ओढून बसला आणि उठला नाही.

काम करताना नवनाथला बरे वाटते, तारा खोटे बोलत नाहीत म्हणून. त्याने जुना खटका काढला. बॅटरीची जाड तार एका जाड पायाला, स्टार्टरकडे जाणारी दुसऱ्याला. तारेच्या टोकाची थिंबल दाबली, ओढून पाहिली, पुन्हा दाबली. इग्निशनची बारीक तार मधून कापली आणि तिची दोन टोके दोन बारीक पायांना जोडली, म्हणजे खटका पडला की इंजिनाची ठिणगीच जाणार. मग डायनामो कितीही वीज बनवो, ती घेणार कोण? आणि उरलेल्या दोन पायांतून, त्या पांढऱ्या रेझिस्टरमधून, एक तार थेट पत्र्याला. कारण फिरता डायनामो एकदम मोकळा सोडला तर त्यातली वीज उधळते आणि त्यालाच आतून जाळते. तिला जायला वाट द्यावी लागते. हे वाक्य मनात आले आणि पाना धरलेला हात जरा वेळ तसाच राहिला. मग त्याने नट आवळला. जिथे तार पत्र्यातून जात होती तिथे रबराची चकती घातली, वरून दुसरी नळी चढवली, नळीवरून बोट फिरवले, समाधान झाले नाही, काढून पुन्हा चढवली. हर्षल बघत होता.

शेवटी बाहेरून ओढायची केबल राहिली. खोक्यात तिच्यासाठी दोन बोटांची बारीक कडी होती. काचेच्या खाली, पत्र्याबाहेर ती लोंबणार आणि अपघात झाला तर धावत येणारा माणूस ती ओढणार. नवनाथने ती कडी हातात घेतली आणि बाजूला ठेवून दिली. कोपऱ्यातून सळईचा तुकडा काढला, शेगडीवर धरला आणि पकडीने वळवून मनगट जाईल एवढी मोठी कडी केली. थंड झाल्यावर लाल रंग मारला, मोटरसायकलच्या क्लच केबलला ती जोडली.

“एवढी मोठी कशाला?” मनालीने विचारले. “बैलाला वेसण घालायचीय?”

“हातमोजे असतात,” नवनाथ म्हणाला. “घाईत बोटं सापडत नाहीत.”

हर्षलने खिशातून उजवा हात काढला. वळलेल्या बोटांसकट तो कडीतून आत गेला, मनगटापर्यंत, आणि कडी मनगटाच्या हाडावर बरोबर अडकली. त्याने ओढले. खटका पडला. त्याने हात बाहेर काढला, पुन्हा खिशात घातला आणि म्हणाला, “चांगली झालीय.” नवनाथने खाली वाकून उगाच एक पाना उचलला.

“अहो, गॅरेज वाढवलं का?” सातला उज्वलाचा फोन आला.

“हं,” तो म्हणाला.

सकाळी महिरावणीच्या मैदानावर गारठा मी म्हणत होता. डोंगराच्या कडेला धुके अडकले होते, धुळीच्या रस्त्यावर पाणी मारलेले, गाड्या एका रांगेत. तपासणीस म्हणजे डोक्याला माकडटोपी, हातात फळी आणि तोंडात लवंग धरलेला वयस्क माणूस. त्याने पट्टे ओढून पाहिले, वाकून तारा पाहिल्या. रबराची चकती बोटाने चाचपली आणि नवनाथकडे एकदा नीट बघितले. “चालू करा. आधी आतून.” मनालीने लाल चावी फिरवली आणि इंजिन जागच्या जागी थांबले. नवनाथचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता.

“आता बाहेरून,” तपासणीस म्हणाला. “आणि इंजिन तीन हजार फेऱ्यांवर नेऊन तोडायची. नुसत्या आळसावलेल्या इंजिनावर कुठलाही खटका चालतो हो. बोनेट उघडं राहू द्या, मला डायनामो बघायचाय. तुम्ही इथे माझ्याजवळ या. कडीवर कोण?”

“मी,” हर्षल म्हणाला आणि काचेपाशी गेला.

बोनेट उघडे होते. ते उभे पत्र्याचे पान नवनाथ आणि त्या दोघांच्या मध्ये होते. मनाली दिसत नव्हती, हर्षल दिसत नव्हता. त्याची खुणा करायची बोटे हवेत उठली आणि त्याला कळले की ती कुणालाच दिसत नाहीत. आठ वर्षे ज्यांच्या जिवावर काढली त्या खुणा आज एका पत्र्याने काढून घेतल्या. इंजिन सुरू झाले. “सांगा त्यांना,” तपासणीस कानाशी ओरडला, “वाढवायला सांगा!”

जीभ टाळूला चिकटली होती. भीती वर आली, खरीखुरी, घामाची, जळक्या रबराच्या वासाची. समोर इंजिन होते, पलीकडे सीटवर पट्ट्यांत बांधलेले माणूस होते, आणि पुन्हा तोच शब्द. पळून जावे असे त्याला वाटले. मग त्याला रबराची चकती दिसली, दोन नळ्या दिसल्या, पांढरा रेझिस्टर दिसला. हे सगळे आपण बसवले आहे, हे तोडते. आज शब्द चुकला तरी हे चुकणार नाही. पण शब्दही चुकवायचा नाही.

“वाढव!” तो ओरडला. इंजिन वाढले. “अजून वाढव!” पत्रा थरथरायला लागला, आवाज मैदानभर भरला. तपासणीसाने हातातल्या मीटरवरून नजर उचलली आणि मान हलवली. आता.

आणि घशात तोच शब्द तयार होता. तिसऱ्यांदा. सवयीने, उस्तादांच्या पान्याने, तीस वर्षांच्या तोंडाने घासून गुळगुळीत झालेला, ओठांपर्यंत येऊन ठेपलेला. “वा...” निघालेही. नवनाथने दात आवळले. मग एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडून काढून घेतलेला तो दुसरा शब्द त्याने पोटातून उपटून वर आणला.

“बंद! हर्षल, बंद कर! बंद!”

केबल सरकली, खटका पडला, आणि इंजिन मेले. एक फेरासुद्धा जास्त फिरले नाही. त्याची आरोळी मात्र गाडी थांबल्यावरही मैदानावर राहिली होती. रांगेतली माणसे वळून बघत होती, चहावाला किटली धरून थांबला होता. नवनाथला धाप लागली होती, डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसायचे त्याला सुचत नव्हते.

बोनेटच्या बाजूने हर्षलचे डोके बाहेर आले. लाल कडी अजून त्याच्या मनगटात होती.

“एवढा एक शब्द म्हणायला आठ वर्षं लावलीस होय रे नव्या?”

नवनाथने बंपर धरला. “तुला माहीत होतं?”

“त्या दिवशी नाही कळलं. त्या दिवशी मला वाटलं, तू रेस दे म्हणतोयस, म्हणून दिली.” हर्षल हळूहळू कडी मनगटातून काढत होता. “दवाखान्यात तिसऱ्या दिवशी समोरचा मेडिकलवाला बायकोला फोनवर सांगत होता, वाढवतो आता दुकान, येतो. तेव्हा लख्ख कळलं. पडल्या पडल्या इतका रडलो. आणि इतका चिडलो तुझ्यावर.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. तू बोललाच नाहीस. मुकाच झालास. मग चिडायचं तरी कुणावर?” त्याने कडी तिच्या हुकाला नीट अडकवली. “काल खोका उघडलास तेव्हा म्हटलं, आता बोलतोय गडी. तरी नाही! वर मनगटाएवढी कडी करून देतोय, म्हणे हातमोजे असतात.”

“माझ्यामुळे जळलास तू,” नवनाथ म्हणाला. “झालं नाही ते. मी केलं.”

“हो,” हर्षल म्हणाला. “केलंस.” मग तो वळलेल्या बोटांचा हात नवनाथच्या पाठीवर आला आणि तिथे राहिला.

तपासणीसाने काचेवर पिवळा कागद चिकटवला आणि फळीवर खूण करून तो पुढच्या गाडीकडे गेला. आतून मनालीने हेल्मेट वर केले. “काका, झाली ना बंद?”

“झाली,” नवनाथ मोठ्याने म्हणाला. “बंद झाली.”

शर्यतीला अजून तास होता. हर्षलने ट्रेलरच्या फळीवर उज्वलाने दिलेला डबा ठेवला, दोन मनगटांमध्ये धरून त्याचे झाकण फिरवून काढले आणि कोथिंबीर घातलेल्या पोह्यांची वाफ वर आली. कागदाच्या प्लेटा मांडून त्याने विचारले, “देऊ का तुला?”

“वाढ,” नवनाथ म्हणाला.